बांधावरची करवंदीची जाळी: परत लावायची की तार मारायची?

मुरमाड | १० मे, रात्री ९.१२

राम राम मंडळी. आमचं रान पन्हाळा तालुक्यात, मसाई पठाराच्या पोटाला. खाली ऊस नि भात, वरच्या अंगाला नुसता तांबडा मुरूम. तिथं नाचणी-भुईमुगापलीकडं काही येत नाही. त्या वरच्या बांधाला आजोबांच्या आधीपासून करवंदीची जाळी होती. माणूस आत शिरायचा नाही, मग म्हशीचं काय घेऊन बसलाय. यंदा फेब्रुवारीत वरच्या रानवाल्यानं वाट रुंद करायला जेसीबी बोलावला आणि आम्हाला विचारायची तसदी न घेता निम्मी जाळी उपटून ओढ्यात लोटली. वर म्हणतोय, "काटंच होतं की, तुमचं काय नुकसान झालं?" फुलोरा भरात होता हो!

आता तेवढ्या पट्ट्यातनं दिवसा मोकाट जनावरं आणि रात्री डुकरं. धाकटा भाऊ म्हणतोय, सिमेंटचे खांब टाकून काटेरी तार मारू, एकदाच काय तो खर्च. माझं मन करवंदच परत लावायचं. तर रोपं आणावीत, बी टाकावं, की डोंगरातनं मुळासकट झुडूप काढून आणावं? आणि कुंपण म्हणून उभं राहायला किती वर्षं धरायची? ज्यांनी स्वतः लावलंय त्यांनी सांगा. यूट्यूब बघून दमलोय.

तांबडा पांढरा | १० मे, रात्री ९.३०

ते सगळं नंतर. उरलेल्या जाळीला पिकलीत का? कोंबडा निघतोय का कोंबडी?

मुरमाड | १० मे, रात्री ९.३४

पिकायला लागलीत. पोरांची पैज लागली होती, सगळे कोंबडेच निघाले.

हिंजवडी-रंकाळा | १० मे, रात्री ९.५१

माझ्या लेकीला सांगतो, तिला पुण्यात हे कोण शिकवणार. करवंद फोडायच्या आधी समोरच्यानं सांगायचं. आत लालभडक निघालं तर कोंबडा, पांढरं-फिकं निघालं तर कोंबडी. हरणाऱ्यानं आपल्या वाट्यातली करवंदं द्यायची. आमच्या गल्लीत यावरनं मारामाऱ्या झाल्यात.

मुरमाड, भावाचं ऐकू नका. तार गंजते.

रानवाटा | १० मे, रात्री १०.४०

मुरमाड, आधी रोपंबिपं राहू द्या. उद्या त्या उपटलेल्या पट्ट्यात जाऊन जमीन नीट बघा. करवंदीची मुळं खोल आणि चिवट असतात. जेसीबीनं वरचा बोजा ओढून काढला तरी तुटलेली मुळं नि खोडाचे बुडखे खाली राहतात, आणि त्यातनं परत फुटवे येतात. वणव्यात काळीठिक्कर झालेली जाळीसुद्धा पावसाळ्यात बुडातनं फुटते, हे पन्हाळ्याच्या आसपास कुणीही बघितलं असेल. तिथं फूटभर जरी धुमारे दिसले तरी निम्मं काम झालं समजा. त्यांच्या भोवती दगड रचा, म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला दिसतील.

डोंगरातनं मुळासकट झुडूप आणायचा विचार सोडा. मोठं झुडूप हलवलं की बहुतेक मरतं, आणि वनखात्याच्या जागेतलं असलं तर वर गुन्हा. फांदी खोचून लावायचा उद्योगही फसतो, करवंदीच्या छाट कलमाला मुळं फार कमी धरतात. फांदीला झाडावरच माती बांधून मुळं आणायची गुटी बांधली तर जमतं, पण कुंपणाला शेकड्यानं झाडं लागणार, तेवढ्या गुट्या कोण बांधत बसणार? कुंपणाला बीच बरं.

बियांचं एक आहे. ताज्याच पेरायच्या. डब्यात भरून पुढच्या वर्षाला ठेवाल तर उगवणार नाहीत. पूर्ण पिकलेली, काळी झालेली करवंदं घ्यायची, गर कुस्करून बिया पाण्यात दोन-तीनदा चोळून धुवायच्या, सावलीत सुकवायच्या आणि आठवड्याच्या आत पिशवीत टाकायच्या. बी चपटं असतं, फार खोल घालू नका. यंदा पिशवीत वाढवा, पुढच्या जूनला वीतभर-हातभर रोप बांधावर लावा. कुंपणाला दोन-तीन फुटांवर एक, जमलं तर दोन ओळी, तिरक्या. तिसऱ्या वर्षापासून तुरळक फळ दिसतं. जनावर अडवण्याइतकी जाळी व्हायला चार-पाच पावसाळे धरा. याहून लवकर होतं म्हणणारा तुम्हाला रोपं विकायला आलाय.

शाहूवाडीकर | ११ मे, सकाळी ६.५८

रानवाटा साहेबांचं खरं आहे, पण मुरमाडच्या भावाचंही खोटं नाही. चार-पाच पावसाळे पीक कुणाच्या भरवशावर सोडायचं? आमच्याकडं आंबा घाटाच्या बाजूला गवे उतरतात. हजार किलोपर्यंतचं धूड, ते करवंदीच्या जाळीला विचारत नाही आणि तारेलाही विचारत नाही. त्यामुळं गव्यासाठी यातलं काहीच नाही, हे आधीच ठरवून टाका.

गुरांना जाळी शंभर टक्के अडवते. बुडापासून गच्च असते आणि काट्याला दोन टोकं असतात, एक चुकवला तर दुसरा लागतो. डुकराचं मात्र वेगळं. ते खालनं मुसंडी मारतं. जिथं दोन बुडख्यांमध्ये फट आहे तिथं घुसतं. म्हणून जुनी माणसं जाळीच्या बुडाला दगडाची ताल, म्हणजे रचीव बांध, घालायची. नुसती करवंद कधीच नव्हती, ताल आणि वर करवंद असं ते होतं. आता ताल घालणारा गडीही मिळत नाही.

आणि शेळ्यांपासून सांभाळा. एवढे काटे असून शेळी कोवळे शेंडे बरोबर वेचून खाते. पहिली दोन वर्षं तोच मोठा धोका.

ऊसवाला शिरोळ | ११ मे, सकाळी ८.२०

आमच्या काळ्या रानात येईल का? इकडं बांध कोरायची साथच आलीय. दरवर्षी शेजारी रोटाव्हेटर मारताना एक फाळ आपल्या बांधात घालतोय. दहा वर्षांत तीन फुटांचा बांध वीतभर झालाय. करवंद लावली तर निदान त्याचा टायर फुटेल म्हणून विचारतोय.

रानवाटा | ११ मे, सकाळी ९.०५

तुमचा हेतू पवित्र आहे. येईल, पण पाणी तुंबणाऱ्या जागी नको. करवंद मुरमाची, जांभ्याची, उताराची. वर खत घालू नका, पाणी पाजू नका, चालतं. मुळाशी पाणी उभं राहिलेलं मात्र तिला खपत नाही. शिरोळला ओढ्याकाठचं आणि क्षारपड झालेलं रान सोडून उंच बांध असेल तर लावून बघा. आमच्या भागासारखी फळं धरतील असं सांगत नाही, काटे मात्र येतील.

आणि लावताना मोजणी झालेल्या हद्दीच्या आत, आपल्याकडं दोन-तीन फूट सोडून लावा. झुडूप फुगतं. उद्या त्याच्या रानात फांद्या गेल्या की तो कोयता घेऊन हजर, आणि मग भांडण करवंदीचं होतं, बांध राहतो बाजूला.

आजरेकरीण | ११ मे, दुपारी २.१५

तुम्ही सगळे कुंपणातच अडकलात, फळाचं कोण बोलणार? आमच्या आजऱ्याला मार्चअखेरपासून डोंगराचं वेळापत्रक लागलेलं असायचं. आधी नेर्ली, मग तोरणं, मग करवंदं, तोवर अळू (भाजीचं नव्हे, रानफळ) नि जांभळं. तोरणाचं पांढरं पिठूळ फळ आता कितीजणांनी खाल्लंय कोण जाणे. बाजारात येत नाही, कारण हाताळलं की फुटतं. करवंद टिकलं ते जरा घट्ट सालीचं म्हणून.

मुरमाडदादा, उरलेल्या जाळीवर हिरवी करवंदं असतील तर आत्ताच थोडी उतरवा, लोणच्याला. पिकलेल्याचं लोणचं होत नाही, लगदा होतो. पद्धत सांगते. देठ मोडला की पांढरा चीक गळतो, तो आधी काढायचा. नाहीतर लोणचं घशाला धरतं. हाताला नि विळीला गोडेतेल लावून बसायचं. मिठाच्या पाण्यात करवंदं रात्रभर टाकायची, सकाळी पाण्यावर चिकाचा तवंग नि भांड्याच्या कडेला चिकट कडं दिसतं. ते पाणी ओतून दोनदा धुवायची, कापडावर पसरून अगदी कोरडी करायची. मग उभी चिरून बी काढायची. बी ठेवली तरी चालते, पण दाताखाली येते. मोहरीची डाळ, मेथी तळून कुटलेली, हळद, हिंग, तिखट, मीठ, नि करवंदाच्या निम्म्याहून थोडा कमी गूळ. वरून गार केलेली फोडणी. बरणी काचेची किंवा चिनी मातीची, ॲल्युमिनियमचं भांडं कुठल्याच टप्प्याला नको, आंबट फार असतं. आमच्या सासूबाई यात गुळाऐवजी ओली मिरची घालायच्या. ते लोणचं खाऊन पाहुणे नुसतं पाणी मागायचे.

निम्मी कच्ची निम्मी लाल अशी असतील तर जेली छान धरते, कच्च्यात पेक्टिन भरपूर असतं, वरनं काही घालावं लागत नाही.

तांबडा पांढरा | ११ मे, दुपारी २.४०

काकू, पत्ता द्या. जेवायलाच येतो.

आजरेकरीण | ११ मे, दुपारी २.४४

आधी करवंदं घेऊन या. बी काढून.

बेकरीवाल्याचा पोरगा | ११ मे, सायंकाळी ६.३०

एक गंमत सांगतो. केकवर नि पानात जी लाल "चेरी" असते ती बहुतेकदा चेरी नसतेच, करवंद असतं. कच्चं करवंद घ्यायचं, बी काढायची, चीक नि आंबटपणा घालवायचा, लाल रंग द्यायचा नि साखरेच्या पाकात मुरवायचं. आपल्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत आहे. खरी चेरी थंड हवेतली, महाग, आणि पाकात एवढी कडक राहतही नाही. गिऱ्हाईक मात्र करवंद बघून नाक मुरडतं आणि तेच केकवरचं पहिल्यांदा उचलतं.

गंगावेसकर | ११ मे, रात्री ८.१०

धाग्यात शिरू का जरा? कोल्हापुरात रंकाळा स्टँडला नि कपिलतीर्थला गगनबावड्याकडच्या, राधानगरीकडच्या बायका करवंदाच्या बुट्ट्या घेऊन बसतात. परवा एक साहेब गाडीतनं उतरून वाट्यामागं पाच रुपयांवरनं घासाघीस करत होते. "डोंगरात फुकट तर मिळतंय," म्हणे. मी मध्ये बोललो तर मलाच म्हणाले, तुमचं काय जातंय.

फुकट मिळतंय म्हणजे काय, ते एकदा जाऊन बघावं. उजाडायच्या आत जाळीला लागायचं, कारण ऊन चढलं की फळ मऊ पडतं आणि बुट्टीत चेचतं. एका हातात आकडी काठी, फांदी उचलून धरायची, दुसऱ्या हातानं एक-एक फळ खुडायचं. करवंद हलवून पाडता येत नाही, पडलेलं फुटतं. हात मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडलेले, बोटं चिकानं काळी, ती घासलेटानंच निघतात. शिवाय जाळीत साप असतो, घोणस धरून. मग पहिली एसटी पकडून शहरात. संध्याकाळपर्यंत खपलं नाही तर दुसऱ्या दिवशी निम्म्या भावात, तिसऱ्या दिवशी फेकून. यात वाट्याला पाच रुपये जास्त मागितले तर कोण मोठं लुटलं जातंय?

हिंजवडी-रंकाळा | ११ मे, रात्री ८.३५

पूर्ण पटलं. इकडं पुण्यात तीच करवंदं प्लास्टिकच्या डबीत मॉलमध्ये घेतो तेव्हा आम्ही कुणी भाव करत नाही.

कायद्याचं बोला | ११ मे, रात्री ९.००

गंगावेसकर, एक भर घालतो, कारण दरवर्षी मे महिन्यात हौशी मंडळी गाड्या काढून दाजीपूरच्या बाजूला करवंदं तोडायला जातात. दाजीपूर ज्यात येतं ते राधानगरी हे अभयारण्य आहे, १९५८ पासून. हद्द आता साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या वर आहे. अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय वनोपज काढता येत नाही, मग ती पिशवीभर करवंदं का असेनात. जंगलावर जगणाऱ्या गावकऱ्यांचा गौण वनउपजावरचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यात मान्य केलेला आहे, पण तो त्यांचा. कोल्हापुरातनं सहलीला गेलेल्यांना तो लागू होत नाही. रस्त्यात बुट्टी घेऊन बसलेल्या मावशीकडून घ्या.

गगनबावडेकर | ११ मे, रात्री ९.४८

आणि अस्वलांना काहीतरी शिल्लक ठेवा. मे महिन्यात करवंद पिकली की अस्वल जाळीला येतं, उदमांजरं येतात, बुलबुल तर तिथंच मुक्कामाला. डोंगरातल्या दगडांवर उदमांजराची विष्ठा बघा, करवंदाच्या बियाच बिया. नवी जाळी माणसानं लावलेली नाही, यांनीच लावलीय. आमच्याकडं वाडीतली पोरं फळं तोडताना आतली, जाळीच्या पोटातली ठेवतात. परोपकार वगैरे काही नाही, तिथं हात पोचत नाही.

आजरेकरीण | ११ मे, रात्री १०.०२

हो, आणि मिरगाचा पाऊस लागला की माणसानं नाद सोडायचा. फळ पाणचट होतं, आत आळी दिसते. वटपौर्णिमेच्या वाणाला आंबा-जांभळाबरोबर चार करवंदं लागतात, तेवढीच त्यानंतर बघायची.

नर्सरी_फिरस्ता | १२ मे, सकाळी १०.१५

मुरमाड, विकतची रोपं घ्यायची वेळ आलीच तर नीट विचारून घ्या. नर्सरीत "करवंद" म्हणून तीन-चार वेगळ्या गोष्टी देतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' नावाची जात आहे, फळ मोठं, आपल्याकडच्या हवेला चालणारी. पंतनगर विद्यापीठाच्या 'पंत मनोहर', 'पंत सुदर्शन', 'पंत सुवर्णा' या उत्तरेकडच्या, लोणच्या-मुरंब्याच्या जाती. पांढरट गुलाबी फळ बघून आपली माणसं म्हणतात, हे कच्चंच आहे. तिसरी दक्षिण आफ्रिकेची, बंगल्यांच्या कुंपणाला लावतात ती. मोठं लाल फळ, गोल गुळगुळीत पान, फूल मोठं. पिकलेलं फळ खाता येतं, पण तिच्यावर कोंबडा-कोंबडी खेळता येत नाही, सगळी लालच.

आणि एकाला मी स्वतः अडवलंय: नारिंगी मण्यांचे घोस लागणारा ड्युरांटा "जंगली करवंद" म्हणून पोरांना दाखवत होता. ती फळं विषारी. करवंद ज्या कुळातलं, त्यात कण्हेर, सदाफुली, चाफा, कुडा. कण्हेर तर जीवघेणी. तेव्हा चीक असलेलं काटेरी झुडूप दिसलं आणि ओळख पटली नाही तर तोंडात घालू नका. करवंदाची पानं समोरासमोर, फूल जाईसारखं पांढरं आणि वासाचं, फळ हिरवं, मग लाल, मग काळं.

शाहूवाडीकर | १२ मे, सकाळी १०.४०

कुंपणाला मोठ्या फळाची जात घेऊ नये असं माझं मत. फळ मोठं की लोकांचे हात आत. कुंपणाला गावठीच, आंबट नि काटेरी.

तांबडा पांढरा | १२ मे, सकाळी १०.४३

शाहूवाडीकरांच्या रानात पाहुण्यांचं स्वागत कसं होत असेल याची कल्पना आली.

गगनबावडेकर | १२ मे, सकाळी ११.२०

जातीपेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. उपटलेल्या, जाळलेल्या पट्ट्यात आधी कोण येतं? घाणेरी नि रानमोडी. दोन पावसांत पुरुषभर. त्यांच्या सावलीत करवंदीचा फुटवा दबून जातो. मुरमाड, तुमच्या पट्ट्यात पहिली दोन वर्षं पावसाळ्यानंतर रानमोडी फुलायच्या आत उपटून काढा. फुलली की बी वाऱ्यावर जातं आणि मग पठार तुमचं राहत नाही.

मुरमाड | १८ मे, रात्री ९.०५

सगळ्यांचे आभार. रानवाटा साहेब, तुम्ही सांगितल्याप्रमाणं पट्टा बघून आलो. वळीव झाल्यावर चार-पाच ठिकाणी बुडातनं तांबूस धुमारे आलेत, बोटाएवढे. त्यांना दगडाची वर्तुळं केली. ओढ्यात लोटलेल्या जाळीचा एक बोजा अर्धवट मातीत गाडला गेला होता, त्यालाही पालवी आहे. तो आता तिथंच राहू दे, ओढ्याची कड धरून ठेवील. फळं उतरवून बिया धुतल्यात. आईनं जुन्या दुधाच्या पिशव्या जमवून ठेवल्या होत्याच, त्यात मुरूम, माती नि शेणखत भरून पेरल्या. आजरेकरीण काकूंच्या पद्धतीचं लोणचं घातलंय, गूळ आईनं तिच्या मनानं जास्त टाकला.

भावाशी बोलणं झालं. त्याचं म्हणणं, पाच वर्षं मी पहारा देणार नाही. म्हणून त्या पट्ट्यापुरती तार मारायची, पण सिमेंटचे खांब नाहीत. घरची बाभळीची मेढी आहेत ती रोवायची, पाच-सहा वर्षं कुजत नाहीत. तोवर आतल्या अंगानं करवंद. तार निघेल तेव्हा निघेल. वरच्या रानवाल्याकडं तलाठ्याला घेऊन जायचं का, यावर घरात दोन गट आहेत.

कायद्याचं बोला | १८ मे, रात्री ९.२२

तलाठ्याआधी भूमी अभिलेखकडं मोजणीचा अर्ज करा. हद्द कायम झाल्याशिवाय जाळी कुणाची यावर कुणीच काही करू शकत नाही. आणि उरलेल्या जाळीचे फोटो काढून ठेवा, मागं ओळखीचं झाड किंवा दगड येईल असे.

ऊसवाला शिरोळ | १८ मे, रात्री ९.४०

मुरमाडराव, बिया उरल्या असतील तर थोड्या ठेवा. शनिवारी जोतिबाला येतोय, येताना पन्हाळ्याकडं वळतो. आठवड्याच्या आत पेरायच्या ना?

मुरमाड | १८ मे, रात्री ९.४४

या की. धुतलेल्या बिया उरल्या नाहीत, फळंच देतो. खात खात जावा नि बिया पिशवीत टाका.

शाहूवाडीकर | १९ मे, सकाळी ६.४०

तारेचा खालचा पदर जमिनीपासून वीतभराच्या आत ठेवा, आणि त्याखाली दगड. नाहीतर डुक्कर पहिल्या रात्रीच आत.